हिरवा दिवा आणि मावशींचं नाक

परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६ साली अन्न तंत्रज्ञान महाविद्यालय सुरू झालं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बाहेर पडलेल्या एका तुकडीतला मी. पदवी हातात पडली तेव्हा आपण आता चीज करणार, योगर्ट करणार, अगदीच नाही तर बरं श्रीखंड तरी करणार, अशा थाटात होतो. नोकरी लागली जिल्ह्यातल्याच एका खाजगी दूध प्रकल्पात आणि आयुष्यभर केलं काय, तर धुणं. डेअरीत त्याला सीआयपी म्हणतात. पाइप, टाक्या, पाश्चरायझर यांतलं काही न उघडता, पंपाने पाणी, सोडा, ॲसिड फिरवून जागच्या जागी धुवायचं. आधी माणसं व्हॉल्व्ह फिरवून ते करत. पुढे आमच्याकडे स्वयंचलित यंत्रणा आली. बटण दाबायचं, पडद्यावर आकडे पळतात, शेवटी हिरवा दिवा लागतो. त्या दिव्याखाली उभं राहून जे समजलं, ते इथे मांडतो आहे. तुमच्या कामात याचं रूप वेगळं असेल.

१. दुधाच्या धंद्यात दुधापेक्षा धुण्याला जास्त वेळ जातो, हे मला नोकरीत कळलं. पुस्तकात सीआयपीचा धडा होता, पण शेवटाकडे, कुणी फारसा न वाचणारा. दूध पाश्चराइझ व्हायला ७२ अंशांवर १५ सेकंद पुरतात. तेच यंत्र धुवायला तास-दीड तास. आधी कोमट पाणी. मग सोडा, म्हणजे कॉस्टिकचं एक-दीड टक्क्याचं द्रावण, ७५ अंशांच्या आसपास. मग पाणी. मग नायट्रिक ॲसिड, अर्धा ते एक टक्का, साठ अंशांच्या पुढे. परत पाणी. आणि दूध सोडायच्या आधी कढत पाण्याने निर्जंतुक करणं वेगळंच. सहा-आठ तास दूध चाललं की पाश्चरायझरच्या प्लेटांवर थर बसतो, उष्णता दुधापर्यंत पोचेनाशी होते, की लागा पुन्हा धुवायला. एकेकाळी हे सगळं उघडून, आत ब्रश घालून, हातांनी होई. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या डेअऱ्यांमध्ये न उघडता धुण्याची पद्धत रुळली आणि हळूहळू जगभर पसरली. पाहुण्यांत कुणी विचारलं, “काय करतोस?” की मी सांगायचो, “दुधात आहे.” धुण्यात आहे असं सांगितलं असतं तर लग्न जमायला जड गेलं असतं.

२. पाणी जितकं कढत तितकं धुणं चांगलं, असं मलाही वाटायचं. दुधाच्या बाबतीत पहिलं पाणी कढत घेतलं, तर दुधातली प्रथिनं स्टीलवर शिजून बसतात आणि मग ती सोड्यालाही दाद देत नाहीत. गार घेतलं तर स्निग्धांश थिजतो. म्हणून पहिलं पाणी कोमट, अंगाला सोसेल इतपत. हे कॉलेजात शिकून आलो आणि घरी मोठ्या ऐटीत आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणून तर दुधाचं पातेलं आधी साध्या पाण्यात टाकते. तुला काय वाटलं, आळसानं पडलेलं असतं?”

३. पाणी स्वच्छ करतं, हे नदीकाठच्या माणसांचं म्हणणं झालं. आमच्याकडे आधी पाण्यालाच स्वच्छ करावं लागतं. परभणीचा खडक काळा, बेसाल्टचा. बोअरचं पाणी जड, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. ज्यांच्या घरी गीझर आहे त्यांना त्याच्या कॉइलवरचा पांढरा थर वेगळा दाखवायला नको. तेच पाणी कॉस्टिकमध्ये मिसळून तापवलं की स्टीलवर क्षार बसतात आणि दुधातले क्षार त्यांना येऊन मिळतात. मग तयार होतो मिल्क स्टोन, दुधाचा खडा. बोट फिरवलं तर गुळगुळीत स्टीलऐवजी बारीक खरखर लागते, पिवळट पांढरी. सोडा चरबी आणि प्रथिनं काढतो, या खड्याला मात्र ॲसिडच लागतं. दोघांची कामं वेगळी. एकाला जास्त वेळ दिला म्हणून दुसऱ्याचं काम होत नाही.

आणि पाणी लागतं किती! एक लिटर दूध हाताळायला एक लिटरहून जास्त पाणी गेलं, तर डेअरीत कुणाला नवल वाटत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकलेला, गावात टँकरपुढे घागरींची रांग, आणि आपण इथे पाइप धुतोय, हे मनाला टोचायचं. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, पाच लाख लिटर घेऊन. सगळा देश त्या पाण्याविषयी बोलत होता. मी मात्र पेपरातल्या एका ओळीवर अडकलो. त्या गाडीच्या टाक्या निघण्याआधी राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुऊन काढल्या होत्या. पाणी न्यायचं म्हणजे आधी टाकी धुणं आलं, हे कुणाच्या तरी वेळेवर लक्षात आलं होतं. मला त्या अनोळखी माणसाला भेटावंसं वाटलं.

इथे स्वयंचलित यंत्रणेने मला चकित केलं. मला वाटायचं, यंत्र म्हणजे पाण्याची उधळपट्टी. निघालं उलटंच. माणूस नळी सोडून उभा राहतो तेव्हा मन भरेपर्यंत पाणी सोडतो. यंत्राला मन नसतं. परतीच्या पाइपमधला कंडक्टिव्हिटी मीटर सांगतो की आता सोडा संपून नुसतं पाणी येतंय, की व्हॉल्व्ह बंद. शेवटचं खळबळलेलं पाणी वेगळ्या टाकीत साठतं आणि पुढच्या खेपेला पहिलं पाणी म्हणून वापरलं जातं. आमच्या आज्ज्या तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायच्या, त्यांनी हे पाहिलं असतं तर त्यात काय विशेष म्हणाल्या असत्या.

४. हिरवा दिवा लागला म्हणजे वेळ संपली; टाकी धुतली गेली असा त्याचा अर्थ नाही. हे कळायला फार वेळ लागला आणि अजूनही नव्या पोरांना पटवायला जड जातं. जर्मनीत हेंकेल कंपनीतल्या हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली धुण्याचं गणित चार गोष्टींत मांडलं: वेळ, तापमान, रसायन आणि घर्षणाचा जोर. एक कमी पडलं तर बाकीच्यांनी भरून काढायचं. यांपैकी वेळ, तापमान आणि रसायनाची तीव्रता आमच्या यंत्राला बिनचूक कळत होती. जोराचं मात्र अवघड. पाइपमध्ये पाणी सेकंदाला दीड मीटर तरी धावलं पाहिजे, तरच ते भिंती घासतं. तेही मीटरवर दिसतं. पण टाकीच्या आत पाणी नेमकं कुठे आपटतंय, हे कुठल्याच आकड्यात येत नाही.

टाकीच्या आत वरच्या बाजूला स्प्रे बॉल असतो, भोकाभोकांचा स्टीलचा गोळा. त्यातून पाणी चहूकडे उडतं आणि भिंतींवरून ओघळतं. आमच्या एका सायलोचा, म्हणजे दूध साठवायच्या मोठ्या टाकीचा, दिवा रोज हिरवा लागत होता. तापमान बरोबर, सोडा बरोबर, वेळ बरोबर. तरी त्या टाकीतलं दूध इतरांच्या आधी नासायला लागायचं. शेवटी आम्ही रिबोफ्लेविनची चाचणी घेतली. रिबोफ्लेविन म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, औषधाच्या दुकानातल्या पिवळ्या गोळ्यांतलं. त्याचं द्रावण टाकीच्या आतून फवारायचं, मग नेहमीसारखं धुणं चालवायचं आणि अंधार करून अतिनील टॉर्च मारायची. धुतलं गेलं नाही तिथे ते हिरवंपिवळं चमकतं. मॅनहोलमधून डोकं घातलं. सगळीकडे काळोख, म्हणजे स्वच्छ. दूध ढवळणाऱ्या दांड्याच्या मागे मात्र पळसाच्या पानाएवढा एक डाग लखलखत होता. स्प्रे बॉल उतरवला तर त्याची त्याच बाजूची दोन भोकं गॅस्केटच्या रबराच्या तुकड्यांनी बुजलेली. तीळभर रबर. आणि वरती दिवा हिरवाच.

तो दिवा खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलं होतं तेवढंच तो सांगत होता.

५. वास हे मोजमाप आहे, हे मला एका मावशींनी शिकवलं. यंत्रणा यायच्या आधी दुधाचे कॅन हातांनी धुणाऱ्या बायकांत त्या होत्या. यंत्रणा आल्यावर व्यवस्थापनाने त्यांना पॅकिंगला पाठवायचं ठरवलं आणि मीच ते त्यांना सांगायला गेलो. त्या चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, “सायेब, मशीन धुवायलंय, ब्येस झालं, माझे हात तरी वाचले. पण त्याला वास येतो का वो?”

मी हसलो. पुढे एकदा त्या पॅकिंगकडून चहाला जाताना रिसीव्हिंगच्या पाइपांपाशी थांबल्या, एका जोडाशी वाकल्या आणि म्हणाल्या, “हितं कायतरी हाय.” मला काही वास येईना. मला तिथे वर्षानुवर्षं दुधाचा वास येतच होता, म्हणजे कसलाच येत नव्हता. फिटरला बोलावून जोड उघडला. गॅस्केट बाहेरून ठीक. आतल्या कडेला बारीक चीर, आणि चिरेच्या मागे करड्या रंगाचा बुळबुळीत थर, नखाने ओढला तर तार सुटावी असा. जिवाणू स्वतःभोवती असं चिकट आवरण करून राहतात, तिथे सोडा आणि ॲसिड वरवरून जाऊन परत येतात. पुस्तकात त्याला बायोफिल्म म्हणतात. मावशी म्हणाल्या, “चिकटा.” आणि पदर नाकाला लावून चहाला निघून गेल्या.

आता लॅबमध्ये एटीपीची चाचणी असते. स्टीलवर कापसाची काडी फिरवायची, काडी नळीत घालायची, यंत्रात आकडा येतो. सजीव किंवा अन्नाचं काही उरलं असेल तर नळीत प्रकाश पडतो आणि यंत्र तो मोजतं. हा प्रकाश पाडणारं द्रव्य मूळचं काजव्यातलं. मी मावशींना हे मोठ्या कौतुकाने दाखवलं. त्यांनी विचारलं, “एक काडी केवढ्याला?” किंमत सांगितल्यावर त्या बराच वेळ काडीकडे बघत राहिल्या. पॅकिंगला त्या गेल्याच, पण आठवड्यातून एकदा लाइनवरून फेरी मारायचं काम आम्ही त्यांना दिलं. कागदावर त्याला काय म्हणावं ते एचआरला सुचेना, म्हणून ‘निरीक्षण सहाय्यक’ असं काहीतरी लिहिलं. पगार वाढवून द्या म्हटलं, तो काही वाढला नाही.

६. धुणारा जे मागे सोडून जातो, त्याचा आळ भलत्यावरच येतो. संत जनाबाई आमच्या गंगाखेडच्या. विठ्ठल तिला दळू लागायचा, धुऊ लागायचा, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण त्या कथेचा पुढचा भाग मला डेअरीत आठवायचा. एकदा देव घाईत निघाला, स्वतःचं पदक तिच्याकडे विसरला आणि तिची वाकळ पांघरून देवळात जाऊन उभा राहिला. चोरीचा आळ आला जनीवर. तिला सुळावर द्यायला नेलं, तेव्हा सुळाचं पाणी झालं, असं सांगतात.

आमचा विठोबा म्हणजे कॉस्टिक. काम उत्तम करतो, पण कधीकधी पाइपाच्या एखाद्या आंधळ्या फाट्यात, जिथून प्रवाह जात नाही, थोडासा मागे राहतो आणि पुढच्या दुधात उतरतो. मग नमुना फेल. आरोप कुणावर? दूध घालणाऱ्या शेतकऱ्यावर, नाहीतर रात्रपाळीच्या पोरावर. २०११ साली देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दुधाची पाहणी केली होती. १,७९१ नमुने, त्यातले ६८.४ टक्के मानकात न बसणारे. सगळ्यात जास्त ओरड झाली ती डिटर्जंट सापडल्याची. लोकांनी ऐकलं ते ‘दुधात साबण घालतात’. काही ठिकाणी घालतही असतील. पण भांडी आणि यंत्रं धुतल्यावर नीट खळबळली नाहीत तरी डिटर्जंट दुधात येतो, ही शक्यता त्याच अहवालात नोंदवलेली होती. तेवढं वाचायला कुणाला वेळ नव्हता. तपासायची रीत स्वस्तातली आहे. शेवटच्या पाण्यात फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाका. गुलाबी झालं तर सोडा शिल्लक आहे, पाणी अजून सोडा. माझ्या मते डेअरीतली ही सगळ्यात प्रामाणिक चाचणी. गुलाबी रंगाशी वाद घालता येत नाही.

७. नोंदवही फार सुंदर असेल तर घाबरावं. हाताने लिहायच्या काळात आमच्या वहीत सोड्याचं तापमान रोज ७५. थंडीत ७५, उन्हाळ्यात ७५, बॉयलर बंद होता त्या दिवशीही ७५. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं ते सुवाच्य अक्षर तपासणीला येणाऱ्यांना फार आवडायचं. यंत्रणा आली आणि आलेखावर ७१, ७४, ६८, मध्येच ६३ असे दात दिसू लागले. वरचे साहेब म्हणाले, “नवीन मशीनने क्वालिटी बिघडवली.”

८. वीज गेली की धुणं पहिल्यापासून, हे तोंडाने म्हणायला सोपं आहे. सोड्याचा टप्पा निम्म्यावर असताना लाइट गेली, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, तोवर पाइपमधलं द्रावण गार. गेटवर टँकर उभा. यंत्र विचारतं: पुढे चालू की पहिल्यापासून? बोट आपसूक ‘पुढे चालू’कडे जातं.

अशा वेळी मी पोरांना जपानची गोष्ट सांगायचो. २००० सालच्या जून-जुलैत स्नो ब्रँड कंपनीच्या ओसाकातल्या कारखान्याचं दूध पिऊन १३,०००हून जास्त लोक आजारी पडले. तपासात आधी सापडला एक व्हॉल्व्ह, जो नेमाने धुतला जात नव्हता. सगळे म्हणाले, मिळाला चोर. पण पाळंमुळं होती दूर होक्काइदोतल्या ताइकी इथल्या कारखान्यात. ३१ मार्चला तिथे छतावरचा बर्फ पडून विजेच्या खोलीत बिघाड झाला, सुमारे तीन तास वीज गेली, आणि दूध यंत्रात कोमट अवस्थेत पडून राहिलं. त्यात स्टॅफिलोकॉकस वाढले, त्यांनी विष तयार केलं. नंतर दूध तापवलं तेव्हा जिवाणू मेले, विष राहिलं. त्या दुधाची पावडर झाली आणि ती पावडर ओसाकाला गेली. एवढा प्रगत देश, आणि तीन तास वीज नाही. पोरं ऐकून म्हणायची, “सर, तीन तासच?” जिंतूर, सेलूकडच्या पोरांना तीन तासांचं काय कौतुक.

९. क्लोरीन आणि ॲसिड एकमेकांना भेटू द्यायचे नाहीत. विषारी वायू सुटतो. यात उलगडून सांगण्यासारखं काही नाही. दोन्हींचे कॅन वेगळ्या रंगाचे, वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. घरी बाथरूम धुताना हौसेने दोन बाटल्या एकत्र करणाऱ्यांनाही हेच लागू.

१०. या नोकरीने माझं बाहेरचं खाणंपिणं बिघडवलं. सॉफ्ट आइसक्रीमचं मशीन दिसलं की मला त्याच्या नळाची आतली रबरी रिंग दिसते. थंड पाण्याचा जार दिसला की तो उलटा करून धुतला असेल का, हे मनात येतं. घरच्या मिक्सरच्या भांड्याखालचं रबर मी दर रविवारी काढून बघतो, त्यावरून घरात शब्दाने शब्द वाढतो. विचित्र म्हणजे ज्याच्याविषयी लोक नाक मुरडतात, त्या रसवंतीवर माझा जास्त विश्वास. लाटा उघड्या, चाकं उघडी, बादलीतलं पाणी कसं आहे ते डोळ्यांना दिसतं. मळ असेल तर तो आपल्यासमोर असतो. बंद, चकचकीत, दिवा लागलेल्या यंत्राजवळ गेलं की मला शंका यायला लागते.

फेब्रुवारीत परभणीत हजरत तुराबुल हकांचा उरूस भरतो. दरवर्षी घरच्यांबरोबर जातो, आणि दरवर्षी मी रसवाल्याच्या गाड्याला मागून एक वळसा घालून येतो. गेल्या वेळी बायको म्हणाली, “तुम्ही पिऊ नका हवं तर. आम्हाला तरी सुखानं पिऊ द्या.” मी वळसा पुरा केला. लाटा नुकत्याच धुतलेल्या, फडकंही बरं होतं. दोन ग्लास प्यालो. बर्फ कुठून आणला ते मात्र विचारलं नाही.